आप्पासाहेब वर गेले

या, असे पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलेल्याला झोप लागते, आणि ही गोष्ट झोपेत ऐकायची नाही. टाळ ठेवा बाजूला, कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर बेलखेडीच्या सप्ताहात एका सकाळी वीणा खाली टेकता टेकता कशी राहिली, ते सांगतो. मीठमसाला थोडा जास्त वाटला तर ती कीर्तनं ऐकून ऐकून लागलेली सवय समजा आणि सोडून द्या.

देवळाली प्रवराहून सायकल मारत निघालं तर अर्ध्या तासात बेलखेडी लागते. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला नदी, मध्ये मारुतीचं देऊळ. राधाकृष्ण मास्तर इथले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण सप्ताह कमिटीचे चिटणीस ते एकोणीस वर्षं होते. शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ राहिली ती सप्ताहाची वही. ती वही हीच आता त्यांची शाळा. तिच्यातली नावं ते हजेरी घेतल्यासारखी वाचत, आणि कुणी गैरहजर राहिला तर तीन दिवस त्यांना जेवण गोड लागत नसे.

सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड नाम. दिवसरात्रीचे बारा पहारे, एकेक दोन तासांचा. प्रत्येक पहाऱ्याला पाच माणसं, एकानं वीणा घ्यायची, चौघांनी टाळ. वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचं, आणि सात दिवस ती जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, वरच्यावर. बेलखेडीची वीणा एक्केचाळीस वर्षांत एकदाही टेकली नव्हती. दुष्काळात नाही, पुरात नाही, आणि ज्या वर्षी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत निम्मं गाव निम्म्या गावाशी बोलत नव्हतं, त्या वर्षीसुद्धा नाही.

पहारे लावायचं काम चिटणिसाचं, आणि त्यात रुसवेफुगवे फार. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर? पहिलं नाव वीणा घेणाऱ्याचं. दहाव्या पहाऱ्यातल्या आप्पासाहेबांचं नाव तर वर्षानुवर्षं पाचवं. आधीच्या चिटणिसांच्या वेळी वहीचं पान संपत आलं होतं, म्हणून ते समासात आडवं लिहिलं गेलं होतं, तेव्हापासून ते शेवटचेच. दरवर्षी आप्पासाहेब म्हणत, "मास्तर, मी जन्मभर टाळच कुटू का?" आणि दरवर्षी मास्तर म्हणत, "पुढच्या वर्षी बघू."

नव्याण्णव साली मास्तरांनी बघितलं. त्यांची लेक माधुरी नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली होती आणि देवळालीत एका खोलीत दोन कॉम्प्युटर ठेवून क्लास घेत होती. मास्तरांनी वही तिच्यापुढं ठेवली. माधुरीनं साठही माणसं त्यात भरली आणि एक पान केलं. इंटरनेटवर उघडतं तसंच पान, फक्त तिच्या दोन कॉम्प्युटरांपुरतं. वर चौकोन: गाव, वस्ती, पहारा. चौकोनाशेजारचा बाण दाबला की खाली यादी लोंबायची. 'पहारा' या चौकोनात 'दहावा' निवडायचं, 'शोधा'वर टिचकी मारायची, की साठांतली पाचच नावं समोर.

"बाकीची कुठं गेली?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"कुठं नाही गेली अण्णा. आहेत, फक्त दिसत नाहीत."

मास्तरांनी हात जोडले. "हेच महाराज काल कीर्तनात देवाबद्दल दोन तास समजावत होते. तू एका बटणात सांगितलंस."

आता नावांचा क्रम. 'नाव' या शब्दावर टिचकी मारली की यादी अ पासून ज्ञ पर्यंत आपोआप लागते, असं माधुरीनं सांगितलं. मारली टिचकी, तर साठही जण 'ह'खाली! कारण मास्तरांनी प्रत्येक नावाआधी 'ह.भ.प.' लिहिलं होतं. एकाला लावायचं आणि दुसऱ्याला नाही, एवढं धैर्य जिल्ह्यातल्या कुठल्याही चिटणिसाजवळ नाही. माधुरीनं 'ह.भ.प.' काढून त्याचा वेगळा रकाना केला. ही बातमी तिच्याआधी बेलखेडीत पोचली. संध्याकाळी उत्तमराव मास्तरांच्या ओट्यावर हजर. वय सत्तर, गुडघे त्याहून म्हातारे, आवाज मात्र तिशीतला.

"मास्तर, तुमच्या पोरीनं सगळ्या गावाचं हभप काढलं म्हनं? आमी काय हरीचे भक्त ऱ्हायलो न्हाई का?"

"काढलं नाही हो, शेजारच्या रकान्यात ठेवलंय."

"शेजारी कशापायी? आमच्या घरचं हाय ते!"

शेवटी कमिटीची बैठक झाली. मास्तरांनी खाकरून जाहीर केलं, "यंदापासून नावं बाराखडीनं लागतील. बाराखडीपुढं लहान-मोठा कोणी नाही." सगळे एकमेकांकडं बघू लागले. भांडायचं कुणाशी? क-ख-ग शी?

कोपऱ्यातून आप्पासाहेब हळूच म्हणाले, "म्हंजी दहाव्या पहाऱ्यात पैलं नाव..."

"तुमचं."

आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. उत्तमराव मात्र उठून उभे राहिले. "मास्तर, ह्या यंत्रानं घोळ घातला अन् वीना खाली टेकली तर?"

"टेकली तर त्याच दिवशी वही तुमच्या हातात देईन आणि घरी बसेन," मास्तर म्हणून गेले. म्हणून गेल्यावर ते परत घ्यावंसं वाटलं. पण शब्द सगळ्यांनी ऐकला होता. मग त्यांनी बंदोबस्तासाठी नियमही केला: ज्याचं नाव ज्या पहाऱ्यात, त्यानंच वीणा घ्यायची, बदली चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब मास्तरांच्या सायकलीवर मागं बसून देवळालीला गेले. माधुरीनं टिचकी मारली. पाचवे आप्पासाहेब सर्रकन वर गेले.

"आता परत दाबलं की उलट क्रम," माधुरी म्हणाली, आणि दाबलं. आप्पासाहेब तळाला.

"आगं आगं, खाली कशाला ढकलतीस पोरी! वर ऱ्हाऊ दे मला. हितंच बरं वाटतंय."

त्याच समाधानात ते दुसऱ्या दिवशी, सप्ताहाला अजून नऊ-दहा दिवस असताना, घराला कुलूप लावून बायकोसह शेवगावला गेले. लेकीचं बाळंतपण होतं. सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांचा पहिला पहारा, तेव्हा थेट बसमधून उतरून देवळात येतो, असा शब्द देऊन गेले.

इकडं माधुरीनं प्रत्येक पहाऱ्याचा एकेक कागद छापला. वीणा घेणाऱ्याचं नाव ठळक, बाकीची बारीक. मास्तरांनी दहाव्या पहाऱ्याचा कागद लांब धरून वाचला:

'॥ राम कृष्ण हरी ॥
दहावा
आप्पासाहेब
कानिफनाथ, गोरख, मच्छिंद्र, संपत
शुक्रवारी सकाळी ८ वाजता. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. बदली चालणार नाही.'

"वा! किती सुटसुटीत," मास्तर म्हणाले.

सुटसुटीत होताच. 'पहारा' हा शब्द पडद्यावरच्या चौकोनाशेजारी होता, तो तिथंच राहिला. कागदावर आला नुसता 'दहावा'. स्थळ लिहायचं कारणच नव्हतं. पहारा देवळात असतो हे कुणाला सांगावं लागतं? तसंच दहावा नदीवर असतो, हेही कुणाला सांगावं लागत नाही.

कानिफनाथ कालव्याच्या कडेला वस्तीवर राहायचा. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळं आठ-आठ दिवस गावात फिरकणं नाही; कमिटीच्या बैठकीलाही तो नव्हता. माणूस आडदांड, मिशी त्याहून आडदांड; पण काळीज लोण्याचं. कीर्तनात ध्रुवबाळाला बापाच्या मांडीवरून उठवलं की हा हुंदके द्यायचा. गोठ्यात उभ्या उभ्या त्यानं कागद वाचला आणि त्याच्या हातातली धारेची चरवी कलंडली. दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्याला मास्तर भेटले. मास्तर मंडपवाल्याकडं निघाले होते, एक पाय पायडलवरच.

"मास्तर, कागद मिळाला. आप्पासाहेबांचं... खरं म्हनायचं का?"

"खरं म्हणजे? छापून आलंय की. आप्पासाहेब वर गेले."

"असं कसं वो अचानक?"

"अचानकच. माधुरीनं एक बटण दाबलं आणि सर्रकन गेले."

कानिफनाथचे डोळे विस्फारले. "करंट व्हता का काय?"

"होता, म्हणून तर झालं! नाहीतर देवळालीत दुपारी करंट असतो कुठं?" मास्तर खुशीत आले. "मी शेजारीच उभा. चेहऱ्यावर इतकं समाधान, कानिफ! 'वर ऱ्हाऊ दे मला, हितंच बरं वाटतंय' म्हणाले."

कानिफनाथचा बांध फुटला. तो उपरण्यानं डोळे पुसू लागला. मास्तरांना वाटलं, एवढी वर्षं शेवटी राहिलेल्या माणसाला पहिला मान मिळाला म्हणून याला गहिवरून आलं. त्यांनाही भरून आलं. त्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "बाराखडीपुढं कोणाचं काही चालत नाही बाबा."

"न्हाई चालत," कानिफनाथ म्हणाला. बाराखडी म्हणजे कोण हे त्याला कळलं नाही, पण मास्तर शिकलेले, ते नियतीला काहीतरी म्हणत असतील. जाता जाता त्यानं ही बातमी वस्तीवस्तीवर पोचवली; सप्ताहाच्या धावपळीत ती मास्तरांच्याच कानावर आली नाही.

सप्ताह दुपारी दोनला बसला. पहिले आठ पहारे घड्याळासारखे बदलले. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मास्तर अंघोळ करून, बुक्का लावून, दहावा पहारा डोळे भरून बघायला देवळात आले. आप्पासाहेबांच्या गळ्यात वीणा बघायची होती.

मंडप रिकामा. वीणेसमोर चार टाळ ओळीत ठेवलेले. मध्ये एकटे उत्तमराव, गळ्यात वीणा. नवव्या पहाऱ्याचे, सहापासून उभे. कपाळावर घाम, पाय लटलटत होते. नाम घेता घेता त्यांनी भुवईनंच मास्तरांना जवळ बोलावलं.

"काय झालं? दहाव्या पहाऱ्याचे कुठंयत? तुमचे टाळकरी?"

"नदीला गेले. रामकृष्णहरी. दहाव्याला. रामकृष्णहरी. आप्पासाहेबांच्या."

"आप्पासाहेबांच्या दहाव्याला? अहो, ते कधी गेले?"

"तुमीच तर कागद काढला! समदं गाव गेलंय. टाळकरी म्हनले, आठला तुमची बदली यीलच, आमी म्होरं व्हतो. बदली बी तिकडंच गेली आसंल."

मास्तरांनी खिशातून कागद काढला. वाचला. पुन्हा वाचला. 'दहावा' हा शब्द कागदावर त्यांच्याकडं बघून हसत होता. त्यांना दरदरून घाम फुटला. मग करंट आठवला, समाधान आठवलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"द्या, वीणा माझ्याकडं द्या आधी."

उत्तमराव दोन पावलं मागं सरले. "तुमचं नाव हाय का दहाव्यात?"

"उत्तमराव, मी चिटणीस आहे!"

"चिटनिसाला पहारा नसतो. बदली चालनार न्हाई, हे कुनी ल्हिवलंय? तुमच्याच यंत्रानं. आमचं हभप काढलं तवा नियम, अन् आता?"

"अहो, पाय बघा तुमचे!"

"पाय माझे हायेत. तुमी कागदातली मानसं आना, मी उभा हाय."

हट्टी माणसाशी बोलण्यात जाणारा प्रत्येक क्षण त्याच्या गुडघ्यांवर पडत होता. मास्तर सायकलीकडं धावले. डोक्यात एकच: वीणा टेकली तर वही गेली. आणि वहीपेक्षा, एक्केचाळीस वर्षांचं गेलं, तेही आपल्या हातून.

नदीवर ही गर्दी! पन्नास-साठ माणसं उकिडवी बसलेली. मध्ये पत्रावळीवर भाताचे पिंड. आप्पासाहेबांची घरची मंडळी शेवगावहून वेळेत येतात का नाही, म्हणून कानिफनाथ स्वतः पुढं झाला होता. डोकं तुळतुळीत. आणि मिशी? मिशीच्या जागी नुसती पांढरी पट्टी. मास्तरांना तो आधी ओळखूच आला नाही.

पिंडाला कावळा शिवत नव्हता. बाभळीवर तीन कावळे बसले होते, पण खाली यायला एकही तयार नाही. काहीतरी इच्छा राहिली असणार. कानिफनाथ हात जोडून रडवेल्या आवाजात म्हणत होता, "आप्पासाहेब, तुमच्या लेकीला कदी काय कमी पडू देनार न्हाई!" कावळा ढिम्म. "तुमच्या बांधाचा दगड मीच सरकावला व्हता, परत हुता तिथं ठेवतो!" कावळ्यानं मान वळवली. "तुमचं नाव वरच ठिवू आप्पासाहेब, कायमचं!"

नेमक्या याच वेळी मास्तरांना सर्वांत मागं, हातात पिशवी आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेले आप्पासाहेब दिसले. फाट्यावर बसमधून उतरले, नदीवर माणसं दिसली, म्हणून दोन मिनिटं टेकले होते. माणुसकी होती. शेजारच्या मच्छिंद्राला त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं रं?"

मच्छिंद्राची नजर कावळ्यांवर. "आपले आप्पासाहेब."

"आरारारा. कोनचे?"

"आपले वो, दहाव्या पहाऱ्याचे. टाळ वाजवायचे."

"कशानं?"

"कॉम्प्युटरचा शॉक बसला."

आप्पासाहेब हळहळले. "त्या पोरीला मी तवाच म्हनलं व्हतं, सारखं सारखं दाबू नगं." आणि मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "ए मच्छ्या! इकडं बघ जरा!"

मच्छिंद्रानं बघितलं. त्यानंतर नदीवर जे झालं ते सांगायला दोन कीर्तनं पुरायची नाहीत. कुणी पळालं, कुणी पाया पडलं. गोरखनं पाण्यातच उडी घेतली. कानिफनाथ उठला, आप्पासाहेबांना कडकडून मिठी मारली, आनंदानं रडला, आणि रडता रडता त्याचा हात ओठावर गेला. तिथं तो बराच वेळ राहिला. "माझी मिशी," एवढंच तो म्हणाला.

"आन् माझा बांध?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"मंडळी!" मास्तर ओरडले. एवढ्या मोठ्यानं ते शाळेतही कधी ओरडले नव्हते. "हे सगळं नंतर! तिकडं उत्तमराव एकटे वीणा घेऊन उभे आहेत. दहावा म्हणजे दहावा पहारा! चला!"

सगळे निघाले, तर संपतनं मोडता घातला. "आसं कसं? दहाव्यावरनं आल्याली मानसं वीनेला शिवत्यात का? आंघूळ पायजे."

"माणूस जिता हाय, तर दहावा कसला अन् आंघूळ कसली?"

"पिंड तर ठिवले ना?"

"कावळा शिवला का पन?"

"न्हाई शिवला."

"मंग दहावा झालाच न्हाई!"

"झाला न्हाई, पर चालू तर झाला व्हता..."

मास्तरांनी संपतच्या पाठीत हात घालून त्याला पाण्यात ढकललं. "बुडी मारा सगळे! एक मिनिटात!" साठ माणसं नदीत, साठ माणसं बाहेर, ओल्या धोतरांनी चिखल उडवत गावाच्या वाटेला. एकटे आप्पासाहेब कोरडे, पिशवी सांभाळत सर्वांत मागं. कुणी वाटेत बघितलं असतं तर नदीला पूर आला असंच वाटलं असतं.

मास्तर सायकलीवर पुढं. पायडल मारता मारता ते मारुतीरायाला सांगत होते, वही घे माझी, नाव घे, पण एवढी टेकू देऊ नको. देवळाच्या कोपऱ्यावर वळताना त्यांनी कान दिला. नाम ऐकू येईना. मास्तरांनी पायडल मारायचं थांबवलं. मग हळूच ऐकू आलं. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. पण हा आवाज उत्तमरावांचा नव्हता. बारीक, थोडा चिरका, पण तालाला पक्का.

मंडपात वीणा रतनबाईंच्या गळ्यात होती. रतनबाई म्हणजे उत्तमरावांची मंडळी. मागं चुलीवर महाप्रसादाच्या भाकरी थापायला बायका होत्या, त्यातली एक. नऊवारीचा पदर खोचलेला, कोपराला पीठ लागलेलं, बोटं मात्र स्वच्छ धुतलेली. त्या उभ्या होत्या जशा काही जन्मभर तिथंच उभ्या आहेत. उत्तमराव खांबाला टेकून बसले होते, हातात चहाची बशी, चेहरा चोरट्यासारखा.

ओली माणसं एकेक करून मंडपाच्या कडेला येऊन थांबली. शेवटी कानिफनाथ म्हणाला, "वैनी, आवो वीना... बाईमानसाच्या गळ्यात?"

रतनबाईंनी नाम न सोडता त्याच्याकडं डोळे बारीक करून बघितलं. "कोन रं तू? रामकृष्णहरी. आगं बया, कानिफ व्हय? वळखलंच न्हाई. रामकृष्णहरी. तुझी मिशी कुठं गेली?"

कानिफनाथनं उपरणं तोंडावर ओढून घेतलं.

पण प्रश्न उभाच होता. मास्तरांनी कपाटातून वही काढली. आधीच्या चिटणिसांच्या अक्षरात पहिल्या पानावर नियम होते. चपला बाहेर. तंबाखू नाही. पहाऱ्यात घरचं बोलणं नाही. वीणा टेकवू नये. मास्तरांनी बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, पान उलटलं, मागचंही वाचलं. बाईनं वीणा घेऊ नये, असं एक्केचाळीस वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं. कुणाच्या मनातच आलं नव्हतं. माधुरीच्या पानावरही तसा चौकोन नव्हता. बदली चालणार नाही, हा नियम मात्र होता, आणि तो मास्तरांचाच होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांदेखत कागदावरची ती ओळ खोडली.

आता एकच विचारायचं राहिलं होतं. मास्तर उत्तमरावांपुढं बसले. सगळा मंडप ऐकत होता. उत्तमरावांनी एक शब्द उच्चारला असता तर वही त्यांच्या मांडीवर आली असती, आणि ती त्यांना कितीतरी वर्षं हवी होती हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं?

"उत्तमराव," मास्तर म्हणाले. "टेकली का?"

उत्तमरावांनी बशी खाली ठेवली. मिशीवरचा चहा पुसला. बायकोकडं बघितलं.

"मी टेकलो, मास्तर," ते म्हणाले. "पाय गेलं अन् दोन्ही गुडघ्यांवर आलो. हिनं मागनं ताट टाकून पळत येऊन वीना वरच्यावर धरली. मी म्हनलं, तुझं नाव कागदात न्हाई. तर म्हनली, कागद मी चुलीत घातला, तुमी नाम घ्या. वीना न्हाई टेकली. तेवढं खरं सांगाया पायजे."

मास्तरांनी उत्तमरावांच्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला. उत्तमराव ओरडले, "आवो तिथंच दुकतंय!" आणि मंडपातली साठ ओली माणसं एकदम हसली.

आप्पासाहेब पिशवी ठेवून पुढं आले. एवढी वर्षं वाट बघितलेला क्षण. दोन्ही हात पुढं केले. "द्या वैनी. माझा पहारा हाय."

रतनबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुमी बसमधनं आलाय, आंघूळ न्हाई. आन् सोताच्या दहाव्याला जाऊन आलाय. रामकृष्णहरी. उद्या घ्या. घेतल्याला पहारा आरधा सोडत न्हाईत."

आप्पासाहेबांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी देवाकडं बघितलं. आप्पासाहेबांनी मुकाट टाळ उचलले. आणि दहा वाजेपर्यंत, घड्याळात दहाचे टोले पडेपर्यंत, रतनबाई उभ्या राहिल्या. मागं भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "कुनीतरी उलथा गं तेवढी."

दरम्यान माधुरी लुना घेऊन वस्त्या-वस्त्यांवरून फिरत होती. अकराव्या आणि बाराव्या पहाऱ्याचे कागद परत गोळा करायचे होते. बाराव्याच्या एका घरी तर गोडाच्या जेवणासाठी डाळ भिजत घातलेली. संध्याकाळी मास्तर तिच्या क्लासवर गेले आणि म्हणाले, "एक नाव वाढव." तिनं पान उघडलं. नाव, रतनबाई. गाव, बेलखेडी. पहारा? मास्तर विचारात पडले. कुठल्या पहाऱ्यात लिहायचं? जिथं कोणी नसेल तिथं, असा चौकोन माधुरीला करता येईना. त्यांनी तो रकाना रिकामा ठेवायला सांगितला. माधुरी म्हणाली, "अण्णा, रिकामा ठेवला तर त्या कुठल्याच यादीत दिसणार नाहीत. कुठलाही पहारा शोधा, यायच्या नाहीत."

"नसू देत," मास्तर म्हणाले. "मला माहीत आहे ना."

पण मास्तरांना माहीत असून किती दिवस पुरणार? तो कॉम्प्युटर पुढं भंगारात गेला, वहीला वाळवी लागली. रतनबाईंचं नाव आता कुठं शोधून सापडायचं नाही. म्हणून तुम्हाला हाक मारून जवळ बसवलं. तुमच्या गावी सप्ताह बसेल, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाईल, तेव्हा नाम घेता घेता त्या कोपराला पीठ लागलेल्या बाईची एवढी आठवण काढा.